उंचीबाईंचे दोन सेंटीमीटर

मुलांच्या दवाखान्यात सात नंबरच्या खोलीत उंची मोजणाऱ्या ज्या बाई आहेत, त्यांना सगळे उंचीबाई म्हणतात. स्वतः बाई चार फूट दहा इंच. देवाला विनोदबुद्धी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सात नंबरमध्ये डोकावून यावं. तेरा-चौदा वर्षांचं लांबोडकं पोरगं आलं की बाई लाकडी स्टुलावर चढतात आणि चढताना ‘आई गं’ म्हणतात. सत्तावीस वर्षं हेच काम. त्यातली पहिली वीस वर्षं त्या नुसत्या चढायच्या. ‘आई गं’ नंतर आलं, गुडघ्यांबरोबर.

बाईंचे यजमान सहा फूट एक इंच. लग्नाच्या फोटोत दोघं एका चौकटीत मावेनात, म्हणून फोटोग्राफरने बाईंना खोक्यावर उभं केलं. “तेव्हा जी चढले,” बाई म्हणतात, “ती अजून खाली उतरायला मिळालं नाही.”

उंची मोजणं म्हणजे काय मोठंसं, भिंतीला उभं केलं आणि आकडा वाचला, असं आपल्याला वाटतं. बाईंना तसं कोणी म्हणालं, की त्या त्याला सरळ भिंतीला उभं करतात. बूट काढा, मोजे काढा. टाचा भिंतीला. पाठ भिंतीला. नजर समोर, माझ्याकडे नको, मी काही इतकी बघण्यासारखी नाही. मग हनुवटीखाली दोन बोटं लावून मान हलकेच वर, आणि वरून लाकडी ठोकळा सरकत डोक्यावर. मुलाला बाजूला करायचं, पुन्हा उभं करायचं, पुन्हा मोजायचं. असं तीनदा, आणि तिन्हींची सरासरी. तेही सकाळीच. दिवसभर उड्या मारून पाठीचा कणा दबतो आणि संध्याकाळी मूल पाऊण-एक सेंटीमीटर कमी भरतं. “मुलांचं काय घेऊन बसलात,” बाई म्हणतात, “संध्याकाळी मीही कमी भरते.”

यात फसवणारे फार. मुलं टाचा उचलतात, हे एक वेळ समजू शकतं. आया पोरींच्या डोक्यावर उंच अंबाडा बांधून आणतात आणि “असू दे हो, तेवढंच” म्हणतात. पण सगळ्यांत लबाड वडील. मुलाची उंची कुठवर जाईल याचा अंदाज आईबापांच्या उंचीवरून बांधतात, म्हणून दोघांनाही विचारावं लागतं. आया खरं सांगतात. बाप मंडळी एकजात पाच फूट आठ. बाईंनी भिंतीला लावलं की पाच फूट पाच. “काल आठ होती,” असं एक गृहस्थ घाम पुसत म्हणाले होते. “मग काल यायचं होतंत,” बाई म्हणाल्या.

आणि हा सगळा आटापिटा कशासाठी, तर डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्यासाठी. “मूल किती उंच आहे ते राहू द्या. वर्षात किती वाढलं ते सांगा.” बुटकं मूल नेमाने वाढत असेल, तर बहुतेक वेळा ते आईबापांवर गेलेलं असतं, नाहीतर त्याची गाडी उशिराची असते आणि दहावीनंतर अचानक दाराला डोकं लागायला लागतं. भीती असते ती वाढता वाढता थबकलेल्या मुलाची. तिथे मग शोध सुरू. पोटात गेलेलं अंगी लागत नाहीये का? मूत्रपिंडं नीट आहेत का? गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काम करतेय का, की मेंदूखालची? मुलीत एखादं गुणसूत्र कमी आहे का? दम्यासाठी वर्षानुवर्षं कसलं औषध चालू आहे का? घरात रोज भांडणं आहेत का? हो, त्यानेसुद्धा मुलं खुंटतात. ताप बोंबलत येतो, खोकला दार वाजवून येतो. हे आजार चपला हातात घेऊन येतात. त्यांची चाहूल लागते ती फक्त बाईंच्या तक्त्यावर काढलेल्या टिंबांच्या ओळीत. ओळ वर चढता चढता आडवी झाली, की डॉक्टरीणबाई पेनचं टोपण लावतात आणि कपाळाला हात लावतात.

त्या वर्षी मात्र डॉक्टरीणबाईंच्या पेनाला टोपण लागत नव्हतं. आठेक महिने मुलं अशी वाढत होती, की बघत राहावं. रखडलेली पोरंसुद्धा चार-चार, पाच-पाच सेंटीमीटर वर. डॉक्टरीणबाईंनी वर्षारंभी आहाराचं एक पत्रक काढलं होतं, पिवळ्या कागदावर. त्या मोठ्या बैठकीत उभं राहून म्हणाल्या, की हा त्या पत्रकाचा परिणाम आहे. टाळ्या पडल्या. बाईंना मागच्या रांगेतून काही दिसलं नाही, पण त्यांनीही वाजवल्या. चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतं?

अशात एका सकाळी बाजारातले एक शिंपी आले, मुलीला घेऊन.

मुलगी नऊ वर्षांची. गोल चेहरा, अंगात स्वेटर. बाहेर लोक वर्तमानपत्राने वारा घेत होते आणि ही स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून उभी. बाईंनी स्वेटर काढायला लावला, भिंतीला उभं केलं.

“शाळेत काय म्हणतात गं तुला?” बाई मुलांना हे विचारतातच. आकड्यापेक्षा काही वेळा यातून जास्त कळतं.

मुलगी गप्प. पहिलं माप झालं.

“दीडफुटी,” ती म्हणाली.

“बरं! आणि मग तू काय म्हणतेस?”

दुसरं माप झालं. बाईंना वाटलं, रुसली. तिसऱ्या मापाला ठोकळा डोक्यावर टेकला तेव्हा खालून उत्तर आलं.

“काही नाही. मला सुचेपर्यंत ते घरी जातात.”

बाई हसल्या. तेव्हा हसल्या.

आकडा आला १२१.३. गेल्या वर्षीचा ११७.२. म्हणजे वर्षात चार पूर्णांक एक. डॉक्टरीणबाईंनी तक्ता डोळ्यांजवळ नेला. या वयाला पाच-सहा हवेत. चारच्या खाली गेलं असतं तर त्यांनी तपासण्या लावल्या असत्या. पण चारच्या केसभर वर होतं, आईवडील दोघंही ठेंगणे, आणि गेल्या वर्षी केलेल्या रक्ताच्या तपासण्या सगळ्या चांगल्या. “घराण्यावर गेली आहे,” त्या म्हणाल्या. “वर्षाने आणा.” आणि कार्डावर तसं लिहिलं.

शिंपी कार्ड घेऊन निघाले, दारापर्यंत गेले, आणि वळून सात नंबरमध्ये आले. “बाई, एक विचारू? चार सेंटीमीटर म्हणजे दीड इंचाच्या वर झालं.”

“झालं.”

“माझ्या टेपने इंचही भरत नाही. मी दर महिन्याला बघतो. शाळेच्या स्कर्टाला खाली चांगली चार बोटं दुमड ठेवलीय, उंची वाढली की सोडू म्हणून. दीड वर्ष झालं, सोडायची वेळच आली नाही हो.”

बाहेर एकोणीस मुलं रांगेत होती आणि त्यांतली अकरा रडत होती. बाईंचा उजवा गुडघा सकाळपासून स्वतंत्र बोलत होता. “मास्तर, तुमची टेप कापडी ना?”

“हो.”

“कापडी टेप ओढून ओढून ताणते. ताणली की कमी दाखवते. आमची पट्टी बघा. लोखंडी. भिंतीत चार स्क्रू. सत्तावीस वर्षांत जागची हललेली नाही.”

“मीही बावीस वर्षं माणसांची मापं घेतोय, बाई. आजवर कुणाची पॅंट वर गेलेली नाही.”

“आणि मी काय म्हशींची घेते?”

रांग हसली. रडणारी दोन मुलंसुद्धा थांबली. शिंप्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मागे हसणाऱ्यांकडे पाहिलं, आणि मुलीला पुन्हा स्वेटर चढवून, एकेक बटण लावून, तिचा हात धरून गेले.

दुपारी दोनच्या सुमाराला रांग संपली. बाई चष्मा घरी विसरून आल्या होत्या आणि सकाळभर डोळे बारीक करून आकडे वाचत होत्या, म्हणून यजमान चष्मा घेऊन आले. सात नंबरच्या दाराची चौकट बुटकी. ते वर्षातून दोन-तीनदा येतात, आणि आजवर त्या चौकटीखालून केसांना जेमतेम स्पर्श होऊन आत यायचे; वाकायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी खाड्कन आवाज झाला.

“अहो!” बाई धावल्या.

यजमान कपाळ धरून उभे. “तुमचं दार खाली आलंय.”

“दार कधी खाली येतं का? तुम्हीच उंच झालात.”

“या वयात? पिवळं पत्रक मी काही वाचलेलं नाही.” पत्रकाचं कौतुक घरी जेवताना ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी चौकटीवर हात ठेवला, मग खाली पाहिलं. “फरशी नवी घातली वाटतं?”

“झाले की आठेक महिने. जुनी फोडायला वेळ लागेल म्हणून तिच्यावरच बसवली. दार घासायला लागलं, तर सुतार येऊन खालून…”

बाई थांबल्या. सुताराने दार खालून बोटभर तासून दिलं होतं. त्या दिवशी भुसा त्यांनीच झाडला होता. म्हणजे जमीन वर आली हे दाराला कळलं होतं, सुताराला कळलं होतं, आणि आता यजमानांच्या टाळक्यालाही कळलं.

कपाटामागे एक पितळी कांडी उभी असते. बरोबर शंभर सेंटीमीटर, ना केसभर जास्त ना कमी. दर सोमवारी ती पट्टीशेजारी जमिनीवर उभी करायची, ठोकळा तिच्या डोक्यावर टेकवायचा आणि पट्टी शंभर म्हणते का ते बघायचं, असा नियम. मग वहीत तारखेपुढे लिहायचं, ‘तपासले’. कांडी काढताना तिच्याबरोबर कोळ्याची जाळीही निघाली. बाई गुडघ्यावर बसल्या, ‘आई गं’ म्हणायचं राहून गेलं. ठोकळा टेकवला.

एकशे दोन.

पुन्हा केलं. एकशे दोन. तिसऱ्यांदा यजमानांनी वाचलं. “एकशे दोन,” ते म्हणाले, आणि पुढे काही विनोद करणार होते तो बायकोचा चेहरा बघून गिळला.

पट्टी खरंच जागची हलली नव्हती. चार स्क्रू होते तिथेच होते. खालची जमीन दोन सेंटीमीटर वर आली होती, आणि तिच्यावर उभं राहणारं प्रत्येक मूल दोन सेंटीमीटर वाढत होतं.

बाईंनी वही उघडली. फरशी बसल्यापासूनचे तेहेतीस सोमवार. तेहेतीस वेळा ‘तपासले’, बाईंच्याच वळणदार अक्षरात. खरं म्हणजे त्याआधीही वर्षभर त्यांनी कांडी काढलेली नव्हती. खाली बसायचं म्हणजे गुडघा, उठायचं म्हणजे गुडघा आणि हात आणि भिंत. लोखंडाची पट्टी, भिंतीत चार स्क्रू, ती कुठे चालत जाणार आहे? असं एका सोमवारी वाटलं, दुसऱ्या सोमवारी वाटलं, आणि मग वाटायचंही बंद झालं. पेन आपोआप लिहायचं. थकलेल्या माणसाचा खोटेपणा असाच असतो. त्यात कसलाही डाव नसतो, नुसतं बसल्या जागेवरून न उठणं असतं.

“कुणाला कळणार आहे?” असं यजमान म्हणाले नाहीत. पण ते वाक्य खोलीत येऊन उभं राहिलं होतं, आणि दोघांनाही दिसत होतं. कांडी परत कपाटामागे ठेवली असती तर पट्टी पुढची सत्तावीस वर्षंही तिथेच राहिली असती.

बाई वही घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तेहेतीस सोमवारांसकट.

डॉक्टरीणबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेनला टोपण लावलं. “किती मुलं?”

“दोनशे बारा.”

“आणि मी बैठकीत पत्रकाबद्दल…” त्या मधेच थांबल्या, आणि एकदम सरळ बसल्या. “बाई, सकाळची शिंप्याची मुलगी. एकशे एकवीस पूर्णांक तीन ना?”

“एकशे एकोणीस पूर्णांक तीन,” बाई म्हणाल्या. वजाबाकी त्यांनी जिन्यातच केली होती. “वर्षात दोन पूर्णांक एक.”

“दोन पूर्णांक एक म्हणजे कमी वाढ नाही, बाई. म्हणजे थांबली आहे. आणि मी तिला वर्षाने या म्हटलं.”

कार्डावरच्या फोनवर कुणी उचलेना. एकदा, दोनदा, पाचदा. “मी जाते,” बाई म्हणाल्या. यजमानांनी काही न विचारता त्यांची पिशवी उचलली.

शिंप्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, तीन पायऱ्या वर. आत एक मशीन, एक मोठं टेबल, बिनडोक्याचा एक पुतळा, त्याच्या अंगात एका बाहीचा कोट. खिडकीखाली चिंध्यांच्या ढिगावर मुलगी झोपली होती, स्वेटरसकट. शिंप्यांनी बाईंना पाहिलं आणि मशीनवरचा पाय थांबला.

“बाई? इथे?”

“तुमची टेप दाखवा, मास्तर.”

शिंप्यांनी गळ्यातली टेप काढून दिली. बाईंनी पिशवीतून दवाखान्याची पोलादी टेप काढली आणि दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी पसरल्या. इंचाला इंच, रेघेला रेघ. कापडी टेप कुठेही पुढे नाही, मागे नाही.

“मागच्याच महिन्यात घेतलीय,” शिंपी म्हणाले. “दर वर्षी नवी घेतो. सकाळी सांगणार होतो, पण मागची सगळी हसली.”

“मास्तर, तुमची टेप बरोबर. आमची जमीन चुकली.” आणि बाईंनी फरशीचं सांगितलं, दाराचं सांगितलं. कांडीचंही सांगितलं.

शिंप्यांनी टेबलावरच्या दोन टेपांची टोकं पुन्हा एकदा जुळवून पाहिली. जिंकलेला माणूस असा दिसत नाही.

“सकाळी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, बाई म्हणतात टेप ताणलीय. ती म्हणाली, देव पावला. खरं सांगू, मलाही बरं वाटलं होतं.” त्यांनी टेप गुंडाळायला घेतली. “तुम्ही मला खोटा ठरवायला आला असतात तर बरं झालं असतं हो.”

बाईंनी भिंतीवर खिळ्याला टांगलेला शाळेचा निळा स्कर्ट काढून घेतला. खाली चार बोटं दुमड तशीच, टाके जुने. मग त्यांची बोटं वर कमरेपाशी गेली. तिथे नव्या टाक्यांच्या दोन रेघा होत्या.

“हे काय?”

“कमरेत सैल केलाय. वर्षात दोनदा.”

“लांबीत एकदाही नाही, आणि कमरेत दोनदा?”

“खात तर फार नाही. पण अंग सुटलंय जरा. लोक म्हणतात, बाळसं आहे.”

बाई खाली ठेवलेल्या स्टुलावर बसल्या. सत्तावीस वर्षांत दुसऱ्याच्या खुर्चीत बसून डॉक्टरकी करायची नाही, हा त्यांचा नियम होता. पण सात नंबरच्या भिंतीला लागून इतकी मुलं गेली होती, की काही गोष्टी कानाला सवयीच्या झाल्या होत्या. अन्न अंगी न लागणारं मूल रोडावतं. हे मूल रुंद होतंय आणि लांब होत नाहीये.

“थंडी वाजते तिला?”

“सारखी. उन्हाळ्यातसुद्धा.”

“पोट साफ होतं?”

“तीन-तीन दिवस नाही.”

“झोप?”

“झोपतेच की. बघा ना, आत्तासुद्धा. पण त्रास काही नाही हं बाई. हट्ट नाही, पळापळ नाही, जिथे बसवाल तिथे बसते. फार गुणी पोर आहे.”

गुणी. बाईंनी हा शब्द इतक्या आयांच्या, इतक्या बापांच्या तोंडून ऐकला होता, की त्याची त्यांना आता धास्ती वाटायची. नऊ वर्षांचं पोर जिथे बसवाल तिथे बसतं म्हणजे गुण नव्हे. सकाळी भिंतीशी उभं राहून ते पोर आपला आजार स्वतःच्या तोंडाने सांगत होतं, मला सुचेपर्यंत ते घरी जातात म्हणून, आणि आपण हसलो.

“उद्या सकाळी आठला आणा,” बाई उठत म्हणाल्या. “रांगेत उभं राहू नका. सरळ माझ्याकडे या.”

दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं किती पिकली आहेत ते मनगटावरून कळतं. मुलगी नऊ वर्षांची होती, मनगट साडेसहाचं. डॉक्टरीणबाईंनी गळ्याला हात लावून पाहिला, शिंप्यांनी कमरेच्या टाक्यांचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मास्तर, हे तुम्ही काल मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही उंचीचंच विचारलंत,” शिंपी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कमरेचे टाके कार्डावर लिहून घेतले.

रिपोर्ट यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत बाई दुपारी रांग संपल्यावर फोनपाशी बसायच्या. दोनशे बारा घरं. पट्टी दोन सेंटीमीटर वर सरकवून पुन्हा ठोकली होती, कांडीने तीनदा तपासली होती, आता ज्यांची वाढ ‘ठीक’ म्हणून लिहिली होती त्या सगळ्यांना परत बोलवायचं होतं. आनंदाची बातमी परत घ्यायचं काम कुणाला शिकवलेलं नसतं.

“नाही हो, मूल लहान नाही झालं. मूल तेवढंच आहे… नाही, आजारी नाही. आमची फरशी वर आली होती… फरशी. फ… र… शी… हो, जमीन… नाही, भूकंप नाही झाला.”

एका आजीबाईंनी पलीकडून विचारलं, “मग आता आमच्या नातवाचे दोन सेंटीमीटर तुम्ही काढून घेणार?” बाई म्हणाल्या, “हो.” आजीबाई म्हणाल्या, “मग आम्ही नाही येत जा!” त्यांना बाईंनी तीन वेळा फोन केला.

मधल्या एका दुपारी वरच्या कार्यालयाने ती सोमवारची वही मागवून घेतली. लाल पेनने तेहेतीस नोंदी खोडायच्या आणि प्रत्येकीपुढे सही करायची, असा हुकूम. बाईंनी तेहेतीस सह्या केल्या. विसाव्या सहीनंतर स्वतःचं नाव त्यांना परक्याचं वाटायला लागलं. घरी यजमानांनी विचारलं, “फार बोलले का?” बाई म्हणाल्या, “नाही. चहा दिला.”

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी झोपी गेली होती. गेल्या वर्षी जागी होती, म्हणून तेव्हाचं रक्त चांगलं आलं होतं. नंतर कधीतरी तिने हळूहळू अंग टाकलं, आणि मुलीची उंची, भूक, पोट, बोलणं, सगळंच तिच्याबरोबर पेंगायला लागलं. “गोळी द्यायची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “रोज सकाळी, उपाशीपोटी. एक दिवसही चुकवायची नाही. बहुतेक जन्मभर.”

शिंपीणबाईही आल्या होत्या. त्या जन्मभर या शब्दाला रडल्या, मग रोज एकच गोळी हे कळल्यावर पुन्हा रडल्या, वेगळं रडल्या. शिंप्यांनी विचारलं, “आणि उंची? गेलेली परत येईल?”

“थोडी फार भरून निघेल. किती, ते मी आज सांगणार नाही. आणखी वर्ष असंच गेलं असतं तर फार कमी भरली असती, एवढं सांगते.” डॉक्टरीणबाई हे बोलताना बाईंकडे बघत नव्हत्या, पण बाईंनी ते ऐकलं आणि दोन्ही अर्थांनी घेतलं, चूक केली म्हणून आणि वेळेत पकडली म्हणून.

गोळी सुरू करण्याआधीचं माप हवं होतं, म्हणून मुलीला सात नंबरमध्ये आणलं. बूट काढले, मोजे काढले. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. बाईंनी आधी कांडी लावली, मग मुलगी. तीनदा. ११९.३.

बाई आकडा लिहीत असताना मुलीने वाकून वहीत पाहिलं. वाचायला तिला वेळ लागला. त्या दिवशी बाईंना घाई नव्हती.

“मागच्या वेळी एकवीस होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग माझे दोन कुठे गेले?”

“ते तुझे नव्हतेच गं. फरशीचे होते.”

मुलीने खाली फरशीकडे पाहिलं, अनवाणी अंगठ्याने तिला टोचून पाहिलं. बाहेर कुणाचं तरी पोर किंचाळत होतं आणि त्याची आई त्याला बूट काढायला लावत होती.

“आणि माझे?”

बाईंच्या तोंडाशी आलं होतं, येतील हो, येतील, चांगले ढीगभर येतील. वर्षानुवर्षं मुलांना असंच काहीतरी सांगून त्यांनी दाराबाहेर काढलं होतं.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “तीन महिन्यांनी ये. येतील तेवढे मोजू.”

मुलगी यावर विचार करत बाकावर बसली आणि मोजे घालायला लागली. एक मोजा घालून झाला, दुसरा उलटा निघाला, तो सुलटा करून झाला. बाईंनी पुढच्या मुलाला आत बोलावलं नाही. रांग बाहेर कुरकुरत होती, तिला कुरकुरू दिलं, आणि दुसरा मोजा पायात जाईपर्यंत त्या स्टुलावर बसून राहिल्या.